चाकांवरची खोली आणि दोन बोटांची फट

कार्तिक उलटला की ग्वाल्हेरात रजया उन्हात पडतात. गच्चीगच्चीवर रंगीबेरंगी रजया वाळत पडलेल्या दिसल्या, मोरेनाची गजक दुकानांतून मांडली गेली आणि व्यापार मेळ्याच्या गोष्टी घरोघर निघू लागल्या, म्हणजे थंडी वेशीपाशी आली असे लष्करातला माणूस समजतो. हा मेळा माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केला. तेव्हापासून मेळा आणि थंडी ही जोडी आमच्या गावाच्या मनात एकत्रच नांदत आली आहे.

यंदा मात्र आमच्या घरात थंडीचा विषय दोन महिने आधीच निघाला, आणि निघाला तो सातासमुद्रापलीकडून. आमची कन्या व जावई कॅनडातील ओंटारिओ प्रांतात असतात. त्यांनी यंदा एक छोटासा ट्रेलर घेतला. वाचकांनी मालवाहू ट्रेलर डोळ्यांपुढे आणू नये. मोटारीमागे जोडून ओढून न्यायची ही चाकांवरची खोली असते. सोळा फूट लांब आणि सात फूट रुंद एवढ्या जागेत निजायचे फळकुट, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी आणि घडीचे जेवणाचे टेबल असा सारा संसार बसविलेला. आपल्याकडे वाड्यातल्या कोठीच्या खोलीएवढीच म्हणावी. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी तिकडे आभारदिनाची सुटी असते. ती साधून अल्गोन्क्विन या उद्यानात तीन रात्री राहण्याचा त्यांचा बेत होता. हे उद्यान १८९३ सालचे. शरदात तिथले मेपल वृक्ष लालभडक होतात. परंतु त्याच दिवसांत रात्रीचा पारा शून्याच्या आसपास उतरतो. बरोबर आमची दोन वर्षांची नात.

"बाबा, या खोलीत ऊब कशी ठेवायची?" असा प्रश्न कन्येने फोनवर विचारला. आम्ही मराठीचे एम. ए.; उष्णतेचा आमचा संबंध काव्यातल्या विरहतापापुरता. म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी खडू हाती घेऊन आम्हांलाच धडा दिला. तो वाचकांपुढे ठेवतो, कारण त्यातले पुष्कळसे ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव येथील लहान खोल्यांनाही लागू आहे.

पहिला पर्याय विजेचा. उद्यानात विजेची जोडणी असलेली जागा मिळाली, तर हा सर्वांत सरळ. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टची. तिथला नेहमीचा हीटर १५०० वॅटचा असतो, म्हणजे तो साडेबारा अँपिअर ओढतो. ट्रेलरातल्या एका जोडणीची झेप बहुधा पंधरा अँपिअरची. त्यामुळे हीटर चालू असता त्याच जोडणीवर चहाची किटली लावली की बटण पडलेच. पंख्याचा हीटर लगेच ऊब देतो, पण बंद करताच ऊब निघून जाते. तेल भरलेला हीटर सावकाश तापतो, सावकाश निवतो, आवाज करीत नाही आणि त्याची तार उघडी लालबुंद दिसत नाही. मूल जवळ असलेल्या घरी तो बरा. कोणताही घेतला तरी बारीक तारेची लांब दोरी लावू नये, आणि प्लग हाताला कढत लागला तर हीटर तत्काळ बंद करावा.

जोडणी नसेल तेव्हा बॅटरीवर हीटर चालवावा काय? सरांनी फळ्यावर गणित मांडले. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-तास. तिच्यावर पंधराशे वॅटचा हीटर लावला तर कागदोपत्री अठ्ठेचाळीस मिनिटे चालेल, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. रात्र आठ तासांची. गणित तिथेच संपले.

दुसरा पर्याय ट्रेलरात बसवूनच येणाऱ्या गॅसच्या भट्टीचा. हिची रचना समजून घेण्यासारखी आहे. गॅस जळतो तो बंद पेटीत. जळण्यासाठी हवा बाहेरून येते, धूर बाहेरच जातो, आणि खोलीत येते ती पेटीच्या भिंतीवरून तापून आलेली स्वच्छ हवा. ही हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो, म्हणून गॅस असूनही बॅटरी भरलेली हवी. डिझेलवर चालणारे छोटे हीटरही याच तत्त्वावर बनविलेले असतात. तिकडे सिलिंडरात प्रोपेन असतो, कारण तो उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप राहतो. ब्युटेन मात्र शून्याच्या जवळपासच द्रव होऊन बसतो. आपल्या घरगुती सिलिंडरात दोहोंचे मिश्रण असते. कडक थंडीच्या प्रदेशात शेगडीची ज्योत का मंदावते, त्याचे हे कारण.

तिसरा पर्याय सुटा गॅस हीटर. छोटा, स्वस्त, कुठेही ठेवता येणारा. याला धुरांडे नसते. तो खोलीतलीच हवा जाळतो आणि जळून उरलेले खोलीतच सोडतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. तेच काचांवरून ओघळते आणि अंथरुणे ओलसर करते. हा त्रास झाला. धोका निराळाच आहे, त्याकडे आता येतो.

कन्येला आम्ही हे सारे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, भट्टीचा पंखा फार घरघरतो, पिल्लू दचकून उठतं. ट्रेलर ज्यांच्याकडून घेतला त्यांनी एक सुटा गॅस हीटर दिलाय. तोच लावून झोपलो तर? झरोका बंद करू आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबू."

फटीत टॉवेल कोंबू, हे शब्द ऐकून आम्ही काही वेळ बोलू शकलो नाही. मग सत्तावीस वर्षांत जे तिला सांगितले नव्हते, ते सांगितले.

ती जन्मली १९९८ च्या जानेवारीत. त्या दिवसांत हिव असे पडे की अंगणातल्या बंबाचे पाणी तापेतो हात बधिर होत. बाळंतिणीची खोली माजघराला लागून, आतल्या अंगाला. खाटेखाली शेक-शेगडी, तिच्यावर ओवा-बाळंतशेपेची धुरी. ही आपली जुनी रीत. तिच्यामागे माया आहे, यात शंका नाही. परंतु आमच्या आजीच्या काळी खोलीचे छप्पर कौलारू असे, कौलांमधून हवा खेळत असे. आमच्या खोलीला सिमेंटचे छप्पर आणि घट्ट बसणाऱ्या काचा. त्यातही नव्या पितृत्वाचा उत्साह! दाराखालून वारा येतो म्हणून आम्ही स्वतः जुन्या धोतराची घडी करून ती फट बुजवली. पाठ थोपटून घ्यावी असे काम केले, असे वाटून निश्चिंत झोपलो, ते बाहेरच्या खोलीत.

संध्याकाळपासून सौभाग्यवतींचे डोके दुखत होते, मळमळत होते. बाळंतपणाचा अशक्तपणा, असे सर्वांनी ठरविले. पहाटे चारच्या सुमारास आमच्या आत्याबाईंना जाग आली. त्या इंदूरहून खास बाळंतपणासाठी आल्या होत्या. त्यांनी आम्हांला हलवून उठविले आणि एकच विचारले, "अरे, पोरगी रात्रीची रडली कशी नाही?"

दार ढकलले तर ते धोतरावर अडले. जोर करून उघडले. निखारे मंद लाल होते, धूर म्हणावा तर नव्हता, वास फक्त ओव्याचा. सौभाग्यवतींना हाक ऐकू येत होती, पण उठता येत नव्हते. लेक निपचित. आत्याबाईंनी तिला उचलून सरळ अंगणात नेले. त्या गारठ्यात नेऊ नका, असे म्हणायला आमचे तोंड उघडले होते, हे कबूल केले पाहिजे. अंगणात ती काही क्षणांनी रडली. इतके गोड रडणे आम्ही पुन्हा ऐकले नाही. दोघींना इस्पितळात प्राणवायू लावला आणि तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या.

डॉक्टरांनी तेव्हा समजावले ते आजही जसेच्या तसे खरे आहे. कोळसा असो, गॅस असो, अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते. म्हणजे श्वास चालू असूनही शरीर उपाशी. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे थकव्यासारखीच वाटतात आणि झोपेत तर कळतही नाहीत. ज्वाला विझून नुसते निखारे उरले की धोका टळला असे वाटते, वस्तुतः तो तेव्हाच अधिक असतो.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग कन्या म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" आम्ही खरे तेच सांगितले: "लाज वाटत होती, बाळ. ती फट मी स्वतः बुजवली होती."

नंतर आम्ही बाप-लेकींनी मिळून यादी केली. निजताना सुटा गॅस हीटर नाही. ओट्यावरच्या शेगड्या ऊब मिळविण्यासाठी पेटवायच्या नाहीत. बाहेर पेटवलेली कोळशाची शेगडी, विझत आली तरी, आत आणायची नाही. विजेची जोडणी मिळाली तर तेलाचा हीटर, नाही तर भट्टी, घरघर सोसायची. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा तपासायची. तिच्या मागे मुदत छापलेली असते, ती उलटली असेल तर नवी आणायची. गॅसगळतीची घंटा वेगळी असते आणि ती जमिनीलगत लावतात, कारण हा गॅस हवेहून जड. एक आहे म्हणून दुसरी नको, असे होत नाही. छताचा झरोका दोन बोटे उघडा. दोन माणसे रात्रभरात श्वासाघामावाटेच सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, त्यालाही वाट हवी. खिडक्यांना जाड पडदे, फळकुटावर गादीखाली घोंगडी, निजण्यापूर्वी अंथरुणात गरम पाण्याच्या पिशव्या, आणि अंगावर सौभाग्यवतींनी पाठविलेली ग्वाल्हेरी रजई. खोली तापविण्यापेक्षा अंथरूण तापविणे स्वस्त पडते, हे आपल्या आज्यांना हीटरवाचूनही ठाऊक होते.

तीन रात्रींनंतर फोन आला. दुसऱ्या रात्री वीज गेली, भट्टी लावावी लागली, नात दोनदा उठली आणि रडली. कन्या तक्रारीच्या सुरात सांगत होती. आम्ही मात्र ते रडणे ऐकून घेत होतो.

वाचकहो, ट्रेलर आपल्यापैकी थोड्यांच्याच दारी असेल. परंतु न्हाणीघरात बसविलेला गॅसचा गिझर, निजायच्या खोलीतली शेगडी, थंडीच्या प्रवासात काचा लावून चालू इंजिनात झोपलेली मोटार, हे सारे त्याच घराण्यातले. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या. बाळंतिणीला शेक अवश्य द्या, पण शेगडी विझवून नव्हे, खोलीबाहेर नेऊन मगच दिवा मालवा. कुणाला बंद खोलीत डोके जड वाटले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, आणि कारणांची चर्चा नंतर करा.

आत्याबाई आता नाहीत. थंडीत रजया बाहेर काढल्या की आमच्या घरी अजून एक नेम आहे: निजण्यापूर्वी खिडकी दोन बोटे उघडी ठेवायची. सौभाग्यवती वाऱ्याबद्दल कुरकुरतात, रजई कानावर ओढतात, पण खिडकी लावायला मात्र उठत नाहीत.