स्टेडियम हवे, की पटांगण?

स्टेडियमच्या विरुद्ध बोलणारा माणूस म्हणजे ऐन दिवाळीत लाडवात निघालेला खडा, हे मला ठाऊक आहे. खेळाला कोण नाही म्हणेल? तरुणांच्या अंगात रग असावी, गावाचे नाव व्हावे, ह्याला कोणाची हरकत असणार? तरीही मला हा खडा होणे भाग आहे. जळगावला मेहरूणच्या शिवारात, म्हणजे जे मेहरूण आपल्या बोरांसाठी नावाजले गेले तेथे, मोठे नवे क्रीडासंकुल उभारण्याच्या गोष्टी गेली दोन-तीन वर्षे कानांवर येत आहेत. जळगावला काही व्हायचे म्हटले की धुळेकरांना स्वस्थ बसवत नाही, हा आमचा जुना स्वभाव आहे. आणि दोन्ही गावांत, चहाच्या टपरीपासून वकिलांच्या खोलीपर्यंत, हा विषय निघाला की प्रश्न एकच : किती हजार माणसे बसतील? कोणी पंचवीस म्हणतो, कोणी पन्नास. ते किती वर्षे जगेल, असे मात्र कोणी विचारत नाही.

मी ‘टिकेल’ म्हटले नाही, ‘जगेल’ म्हटले. सिमेंट-काँक्रीट पन्नास-साठ वर्षे सहज टिकते. स्टेडियम तितके जगत नाही.

मुंबईचेच पाहा ना. आपल्या देशात पहिला कसोटी सामना झाला तो १९३३ च्या डिसेंबरात, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. पुढे चारच वर्षांनी, १९३७ साली, तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. त्या काळी त्याचा केवढा दिमाख! त्याचे बांधकाम धडधाकट होते, हिरवळ उत्तम होती, प्रेक्षकही लोटत होते. बिघडले ते माणसांचे. क्लब आणि असोसिएशन ह्यांच्यात तिकिटांच्या वाटणीवरून बिनसले, आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम बांधून १९७५ च्या जानेवारीत तेथे कसोटी सामना भरवलासुद्धा. १९७३ नंतर ब्रेबॉर्नवर पुन्हा कसोटी सामना व्हायला २००९ साल उजाडावे लागले. तोही का, तर वानखेडेचे बांधकाम चालू होते म्हणून! म्हणजे पस्तिशी गाठली नाही तोच वानखेडेची पुष्कळशी मोडतोड करून २०११ च्या विश्वचषकासाठी ते नव्याने बांधावे लागले. अर्ध्या तासाच्या रपेटीत तीन कसोटी मैदाने पाहता येतील असे शहर जगात दुसरे असेल की काय, मला शंका आहे. मुंबईच्या खिशाला हे परवडले असेल. जळगावच्या आणि धुळ्याच्या खिशाची गोष्ट निराळी.

पुण्याला स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियम आहे. १९९६ च्या विश्वचषकात केनियाच्या नवशिक्या संघाने वेस्ट इंडीजला लोळवले ते ह्याच मैदानावर. गावात राहणारा पोरगा तेथे सायकलवरून जाऊन सामना पाहू शकत असे. आता मोठे सामने होतात ते गहुंज्याला, द्रुतगती मार्गाच्या कडेला, २०१२ साली उघडलेल्या नव्या स्टेडियममध्ये. नागपुरानेही २००८ मध्ये सिव्हिल लाइन्समधले आपले मैदान मोठ्या सामन्यांपुरते सोडले आणि वर्धा रस्त्यावर जामठ्याला बिऱ्हाड हलवले. स्टेडियम असे गावाबाहेर गेले, की त्याच्याबरोबर मोटारी जातात, जमिनीचे भाव चढतात, हॉटेले निघतात. सायकलवाला पोरगा तेवढा मागे राहतो. वर्षातून मोजके दिवस तेथे दिवे लागतात. उरलेल्या दिवशी ते एवढे मोठे भांडे नुसते पालथे पडून असते.

ह्यात आपलेच लोक वेडे, असेही नाही. अमेरिकेत सिएटल शहराने १९७६ साली ‘किंगडोम’ नावाचे प्रचंड घुमटाचे स्टेडियम उघडले आणि २००० साली सुरुंग लावून ते जमीनदोस्त केले. चोवीस वर्षांचे आयुष्य! गंमत अशी, की इमारत काही क्षणांत पडली, पण तिच्यावरचे कर्ज पुरे फिटायला २०१५ साल लागले. कॅनडातल्या माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधले, त्याचे देणे संपले २००६ साली. तीस वर्षे तिथला करदाता एका उन्हाळ्याच्या उत्सवाचे पैसे भरत होता. कर्ज गावाच्या मानेवर कसे बसते, हे जळगावकरांना तरी मी शिकवायला नको. सतरा मजली इमारतीत कचेरी थाटणाऱ्या आमच्या महापालिकेने हुडकोच्या कर्जाचे हप्ते किती वर्षे फेडले, आणि त्यापायी गावातल्या रस्त्यांचे आणि गटारांचे काय झाले, हे तिच्या दारातून खड्डे चुकवीत गेलेल्या कोणालाही विचारावे.

मग जगते तरी काय? कोल्हापूरचे खासबाग मैदान जगते. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचे कोलोसियम पाहून आले, आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. १९१२ पासून आजतागायत ते कुस्तीचे मैदान चालू आहे. ११० वर्षांहून अधिक काळ लोटला. मध्ये संस्थान गेले, राजे गेले, मातीतली कुस्ती गादीवर आली, तरी खासबागेत कुस्त्या होतात आणि माणसे गर्दी करतात. ह्याचे कारण नुसते दगडी बांधकाम नव्हे. मधला हौदा मातीचा आहे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालावे लागते, ती खणावी लागते, चाळावी लागते, आणि हे सारे कुस्ती खेळणारेच करतात. आखाडा उकरणे हा पैलवानाच्या मेहनतीचाच भाग असतो. त्यासाठी ठेकेदार बोलवावा लागत नाही, निविदा निघत नाही, मंत्रालयात फाइल अडत नाही. शिवाय मैदानाच्या मागे गावातल्या तालमी उभ्या. आधी तालमी होत्या, मग मैदान आले. आपण उलटे करतो. आधी प्रेक्षकांच्या पायऱ्या बांधतो, आणि मग खेळाडू शोधायला निघतो.

कोणी म्हणेल, कोल्हापूरची गोष्ट वेगळी, तिथे राजाश्रय होता. ठीक आहे. मग घरचे उदाहरण देतो. पांझरा नदीवर आमची फड बागायत आहे. नदीत लहान लहान बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालची जमीन फडाफडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे. तिला आश्रय कोणाचा होता? शेतकऱ्यांचाच. पाणी सोडायला पाटकरी त्यांनी नेमला, त्याची मजुरी त्यांनी धान्यात दिली, आणि वर्षातून एकदा पाटातला गाळ काढायला घरटी माणूस त्यांनीच पाठवला. पुढे मोठी धरणे आली, विहिरी आल्या, आणि ज्या ज्या ठिकाणी माणसे पाटावर यायची थांबली त्या त्या ठिकाणी फड मोडला. बंधाऱ्याचा दगड मात्र तसाच होता. धुळे जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकवताना मला संकोच वाटतो, कारण त्याच्या आज्याला हे पाठ होते. त्याच माणसाने स्टेडियमची गोष्ट निघाली की गाळ कोण काढणार हे विचारू नये, ह्याचे मला नवल वाटते.

आपल्या सरकारचे धोरण पाहा. तालुक्याला एक क्रीडासंकुल, जिल्ह्याला एक, विभागाला एक, अशी योजना झाली. अनुदानाची मर्यादा तालुक्याला १ कोटी, जिल्ह्याला ८ कोटी आणि विभागाला २४ कोटी होती. ती पुढे अनुक्रमे ५, २५ आणि ५० कोटी झाली. हेतू उत्तम, ह्याबद्दल माझा वाद नाही. पण हे पैसे बांधण्याचे. झाडू मारण्याचे, नळ दुरुस्त करण्याचे, राखणदाराला पगार देण्याचे पैसे संकुलाने आपल्या उत्पन्नातून काढायचे. उत्पन्न कोठून येणार? मग बाहेरच्या भिंतीला दुकानांचे गाळे काढायचे, मैदान प्रदर्शनाला द्यायचे, स्वागतसमारंभाला द्यायचे. एका बाजूला भांडीकुंड्यांचा सेल, दुसऱ्या बाजूला वऱ्हाडाची पंगत, आणि मध्ये धावपट्टी!

साध्या मैदानाला ह्याचे काही वाटत नाही. जळगावच्या सागर पार्कावर सभा झाल्या, महोत्सव झाले. मांडवाचे खांब काढले, खड्डे बुजवले, दुसऱ्या दिवशी पोरांनी स्टंप रोवले. माती मनात काही ठेवत नाही. पण सिंथेटिक धावपट्टी ठेवते. ती मुळातच आठ-दहा वर्षांची सोबतीण. मग तिचा वरचा थर नव्याने घालावा लागतो, आणि त्याचा खर्च कोणत्याही नगरपालिकेला घाम फोडील असा असतो. तिच्यावरून एकदा मांडवाच्या सामानाचा ट्रक गेला, की ती आठही वर्षे काढत नाही.

त्यात आमचे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो हे साऱ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून कळते. आम्हाला ते तळपायाला कळते. अशा गावात जी प्रेक्षागारे बांधतात त्यांत छप्पर असते ते मान्यवरांच्या खुर्च्यांवर. बाकीच्या पायऱ्या उघड्या. दुपारी दोन वाजता त्या पायरीवर पापड भाजून घ्यावा. खानदेशात निम्मे वर्ष खेळ खेळायचा तर सकाळी आठाच्या आत नाही तर दिवेलागणीनंतर, हे आमच्या आजीलाही माहीत होते. म्हणूनच आखाजीचे झोके कडुलिंबाला बांधत. आराखडा काढणाऱ्याला हे माहीत नसते, कारण तो आराखडा थंड हवेच्या खोलीत काढलेला असतो. एका छपराच्या खर्चात शेकडो कडुलिंब लागतील, पण कडुलिंबाचे उद्घाटन करता येत नाही.

माझ्या विरुद्ध एक खरा मुद्दा आहे, तो मी टाळणार नाही. मुलींचे काय? उघड्या मैदानावर पोरे क्रिकेट खेळतात. मुली कोपऱ्यातही नसतात. त्यांना कुंपण हवे, दिवा हवा, कपडे बदलायला खोली हवी, स्वच्छ संडास हवा. हे सगळे संकुलात मिळते, मैदानात मिळत नाही. अगदी कबूल. पण ह्यांतल्या कोणत्या गोष्टीला पंचवीस हजार खुर्च्या लागतात?

पहाटे पाच वाजता धुळ्याच्या किंवा जळगावच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर जाऊन पाहा. अंधारात पोरे-पोरी धावत असतात. ही पोलीस भरतीची पोरे. अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेडा अशा तालुक्यांतून आलेली, चौघे-पाचजण मिळून एका खोलीत राहणारी, कोणाच्या बापाची कापूस-ज्वारीची कोरडवाहू शेती, कोणाचा बाप मजूर. मुलांना १६०० मीटर धावायचे असते, मुलींना ८०० मीटर. ४०० मीटरच्या धावपट्टीवर ह्या बरोबर चार आणि दोन फेऱ्या होतात. म्हणजे धावपट्टीची खरी गरज असलेले गिऱ्हाईक जर खानदेशात कोणी असेल, तर ते हे. आणि ते डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या दिव्यांच्या झोतात, मैलाच्या दगडावरून अंतराचा अंदाज घेत धावत असते. डांबरावर धावून त्यांच्या नडग्या दुखतात. पोरीच्या मागे धाकटा भाऊ सायकल घेऊन राखणीला असतो. एखाद्या विश्वचषकाचा सामना जळगावला होईल न होईल. ही पोरे मात्र उद्या पहाटेही धावणार आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या घरची चूल त्या काही सेकंदांवर अवलंबून आहे.

तेव्हा मेहरूणचे संकुल व्हायचे असेल तर होऊ द्या. मी आडवा पडणार नाही, आणि पडलो तरी मला उचलून बाजूला ठेवतील. पण कुदळ पडण्याआधी जळगावकरांनी काही कागद मागून घ्यावेत. बांधकामाच्या आकड्याशेजारी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा आणि तो कोण देणार त्याचे नाव. वर्षातले किती दिवस संकुल खेळाशिवाय दुसऱ्या कशाला भाड्याने जाईल त्याची लेखी मर्यादा. गावातली जी जुनी मैदाने आहेत ती नव्या संकुलाच्या नावाखाली कोणाच्या घशात जाणार नाहीत ह्याचा ठराव; कारण ‘आता मोठे झाले ना, मग लहान कशाला?’ हे वाक्य उद्या कोणी तरी म्हणणारच. धुळेकरांनी नव्या स्टेडियमची मागणी करण्याआधी आपल्या गरुड मैदानासाठी हेच कागद मागावेत. खुर्च्यांची संख्या निम्मी करा आणि वाचलेल्या पैशांत प्रत्येक वस्तीत एक मातीचे पटांगण, दोन दिवे, पाण्याचा नळ, मुलींसाठी संडास आणि चहूबाजूंनी कडुलिंब एवढे द्या, असे म्हणायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि एक प्रश्न तर आजच, आहे त्या संकुलांच्या बाबतीत विचारता येईल. पहाटे पाचला फाटक उघडायची चावी कोणाकडे असते, आणि तो किती वाजता उठतो?