विंडोज पुसू नका
‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ असं आपल्याकडे म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये मात्र राहतात! विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कच्या दोन वेगळ्या भागांत ठेवता येतात. कॉम्प्युटर सुरू केला की ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्राम विचारतो, आज कोणती सिस्टीम हवी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून लोक चांगला लॅपटॉप टाकून देतात. मला हे अजिबात पटत नाही. त्यावर लिनक्स मिंट टाका, ते फुकट मिळतं. पण विंडोजही राहू द्या. आईबाबांचं एखादं काम विंडोजवरच होतं. तेवढ्यापुरतं ते वापरा, इंटरनेटसाठी लिनक्स.

आधी सगळे फोटो आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. हे मी अनुभवाने सांगतोय. कॉलेजात असताना मी घाईघाईत ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला. घरातले सगळे फोटो गेले. आई काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

नंतर एक गंमत दिसेल. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ चुकतं! मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे भारतात साडेपाच तासांचा फरक पडतो, दुबईत चार तासांचा. लिनक्समधलं एक सेटिंग बदललं की हे भांडण मिटतं. लंडनला हिवाळ्यात फरकच नसतो. तिथल्या मुलांना ही गडबड मार्चअखेर कळते, घड्याळं पुढे गेल्यावर.