गुडघा फुटला तर फुटू द्या!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बारा वर्षांची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. सुट्टीच्या शिबिरात दोर बांधून कडा चढायला शिकताना तिचा पाय घसरला होता. दोराने तिला धरलं, पण गुडघा कातळावर घासला गेला. गुडघा खरचटलेला, नडगी काळीनिळी, बोटांची सालटं निघालेली. मुलगी मात्र खुशीत होती. "डॉक्टरकाका, मी वरपर्यंत गेले," हे तिने मला दोनदा सांगितलं.

आईंनी तीन गोष्टी मागितल्या. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, डाग राहू नये म्हणून क्रीम द्या आणि "हे सगळं आता बंद कर, असं तुम्हीच तिला सांगा." वर म्हणाल्या, "मुलीची जात. उद्या लग्नाच्या वेळी अंगावर असे डाग बरे दिसतात का?"

मी तिन्ही गोष्टींना नकार दिला. त्या नाराज होऊन गेल्या. गर्दीच्या वेळी नीट समजावता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी तो काळानिळा डाग समजून घ्या. मुका मार लागला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि थोडं रक्त आतल्या आत पसरतं. शरीर ते रक्त हळूहळू मोडीत काढतं. त्यातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलत जातं, तसा डागाचा रंग बदलतो: आधी लालसर, मग निळा-जांभळा, पुढे हिरवट, पिवळा, तपकिरी. साधारण दोन आठवड्यांत तो जातो. "रक्त साकळलंय, काहीतरी करा" असं लोक म्हणतात. जे करायचं ते शरीर करतच असतं. पहिले एक-दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका. तेल किंवा बाम लावून चोळू नका, त्याने आतला रक्तस्राव वाढू शकतो.

खरचटलं असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने स्वच्छ धुवा. सगळ्यात मोठं औषध तेच. हळद, कॉफी, चहापूड, टूथपेस्ट यातलं काहीही जखमेवर नको. हळद गुणी असेल, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. पातळ थर व्हॅसलिनचा लावा, पट्टी बांधा, रोज बदला. खपली ओढून काढू नका. नवी कातडी उन्हापासून जपा, म्हणजे डागही फिका राहतो.

आता इंजेक्शन. सरकारी लसीकरणात बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, पुढे दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच-सहाव्या वर्षी धनुर्वाताची लस मिळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा मिळते. हे डोस वेळेवर झाले असतील तर साध्या, स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसनंतर दहा वर्षं आणि मळलेल्या किंवा खोल जखमेला पाच वर्षं इंजेक्शन लागत नाही. त्या मुलीचा डोस दोन वर्षांपूर्वीच झाला होता. दर वेळी खरचटलं की सुई, ही सवय तुम्हाला आम्ही डॉक्टरांनीच लावली. ती चूक आमची आहे.

पण माझं खरं भांडण त्या तिसऱ्या मागणीशी आहे. हाडांचा बहुतेक साठा विशीच्या आसपासपर्यंत तयार होतो. ज्या हाडावर भार पडतो, ते हाड मजबूत होतं. उड्या मारणं, चढणं, लटकणं ही त्या साठ्याची कमाई आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये तर मुलांना मोकळ्यावर थोडा धोका असलेला खेळ खेळू द्या, अशी भूमिका घेतली. पाय कुठे ठेवायचा, कुठे थांबायचं, भीती वाटली तर काय करायचं, हे आईबापांच्या सूचनांनी कळत नाही. ते घसरल्यावर कळतं.

माझ्या दवाखान्यात पस्तिशीत रक्तदाब आणि मधुमेह घेऊन माणसं येतात. त्यांच्या गुडघ्यांवर एकही वण नसतो. त्याचं मी अभिनंदन करू का?

आणि लग्नाचं म्हणाल, तर त्या मुलीच्या मोठ्या भावाच्या हनुवटीला मीच तीन टाके घातलेत, क्रिकेट खेळताना पडला तेव्हा. त्याच्या लग्नाची काळजी तेव्हा कुणालाच वाटली नाही. मुलीची हाडं पुढे बाळंतपणं काढणार, पाळी गेल्यानंतर वेगाने झिजणार. भर घालायची वेळ आत्ताची आहे. नेमकी तिलाच घरात बसवायची?

याचा अर्थ बेफिकिरी नव्हे. हेल्मेट, तपासलेला दोर आणि जाणकार प्रशिक्षक नसेल तर कड्याला हात लावू नका. पावसाळ्यात निसरड्या कड्यावर फोटोसाठी उभं राहणं हे साहस नाही, मूर्खपणा आहे.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र घरी थांबू नका:

• डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी, बेशुद्धी, किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त
• पायावर भार देता न येणं, हात किंवा पाय वाकडा दिसणं
• दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारं रक्त, उघडी राहिलेली खोल जखम
• दोन-तीन दिवसांनी वाढणारी सूज, लाली, पू, ताप
• चढणाऱ्या मुलाच्या बोटाच्या सांध्यात राहणारं दुखणं. वाढत्या हाडाला इजा असू शकते
• न पडता-धडपडता अंगावर उठणारे काळेनिळे डाग

शेवटच्या मुद्द्यासाठी रक्त तपासावं लागतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी तर साधा मारही दाखवून घ्यावा.

बाकी खरचटणं, टेंगूळ, मुका मार यांना घरी साबण-पाणी आणि बर्फ पुरे. त्या आई हा लेख वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या शिबिराला मुलीला पाठवा. परत आली की आधी "कुठे लागलं?" विचारू नका. "किती वर गेलीस?" ते विचारा.