गावाची वेबसाइट कुणासाठी?

पाटाला पाणी सोडले म्हणजे ते शेवटच्या वाफ्याला पोचलेच असे होत नाही. मध्येच पाट फुटलेला असतो, कुठे गवत माजलेले असते. सरकारी माहितीचेही तसेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला. त्यात वेबसाइट सुधारणे हे एक कलम होते. आता ग्रामपंचायतीही आपापली वेबसाइट काढू लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ती बघणार कोण, हे आधी ठरवायला नको का?

बघणारा माणूस बांधावर उभा असतो. हातात तळव्याएवढा मोबाईल, डोक्यावर ऊन, रेंज जेमतेम. त्याला चारच गोष्टी हव्या असतात. कागद कोणते लागतात, शेवटची तारीख कोणती, फी किती आणि भेटायचे कुणाला. वेबसाइट उघडली की दिसतात मान्यवरांचे फोटो, सरकत्या अक्षरांत स्वागत आणि किती लोकांनी भेट दिली त्याचा आकडा. हवे ते सापडत नाही. मग गडी एसटी धरून तालुक्याला जातो. एक रोज बुडतो, वर फॉर्म भरून देणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. कधी तर मुदतच निघून जाते. या नुकसानीचा पंचनामा कुणी करीत नाही.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि वेबसाइट बनवून देणारी पोरे यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

लोक ज्या कामासाठी येतात ते काम पहिल्याच पानावर, सर्वांत वर पाहिजे. दाखले, घरपट्टी-पाणीपट्टी, चालू योजना, ग्रामसभेची तारीख. फोटो खाली असू द्यात. नावेही लोकांच्या तोंडची ठेवा. "नागरिक सेवा प्रणाली" म्हटल्यावर कुणाला काय कळणार? "दाखला कसा काढायचा" म्हटले की लगेच कळते.

मजकूर युनिकोड मराठीत टाइप केलेला हवा. परिपत्रकाचा मोबाईलवर काढलेला फोटो चिकटवला, तर तो शोधून सापडायला अवघड आणि वाचताना मोठा करावा लागतो. अंध व्यक्तीला मोबाईल वाचून दाखवतो, त्यालाही नुसत्या फोटोत अक्षर मिळत नाही.

पान हलके ठेवा. मोबाईलच्या एका फोटोचे वजन चार-पाच एमबी सहज असते. तोच फोटो शे-दोनशे केबीचा केला तरी मोबाईलवर चांगला दिसतो. अक्षर ठळक हवे. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडात किमान साडेचारास एक एवढा फरक असावा, असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. सोपे सांगायचे तर पांढऱ्यावर काळे लिहा. पिवळ्यावर पांढरे उन्हात दिसत नाही.

प्रत्येक माहितीखाली तारीख टाका. मुदत संपलेली योजना तशीच राहिली, तर ती कोऱ्या पानापेक्षा वाईट. शेतकरी तिच्या भरवशावर कागद गोळा करीत बसतो.

वेबसाइटचे नाव आणि पासवर्ड ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवा. नाव कुणा खाजगी माणसाच्या खात्यावर घेतले आणि नूतनीकरण राहिले, की वेबसाइट बंद. अधिकाऱ्याची बदली झाली, की पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. चार्ज देताना दप्तर मोजून देतो, तसा हाही द्यावा.

आणि बिल देण्याआधी परीक्षा घ्या. जेकब नील्सन या जाणकारांनी २००० साली लिहिले, की पाच माणसांकडून वापरून घेतले तरी बहुतेक दोष कळतात. गावातली पाच माणसे बोलवा, त्यांत एक आजी आणि एक बचत गटाची ताई असू द्या. मोबाईल हातात द्या, "पाणीपट्टी किती आहे बघा" म्हणा आणि गप्प बसा. ती जिथे अडतील तिथे पाट फुटलाय असे समजा.

कुणी म्हणेल, आमच्या गावात वेबसाइट बघतंय कोण? आजोबा नसतील बघत, नातू बघतो. पुण्या-मुंबईला कामाला गेलेला भाऊही बघतो. ग्रामपंचायतीचा फळा तर चालूच ठेवायचा. शिवाय ही काही मेहरबानी नव्हे. माहितीचा अधिकार कायदा २००५ चे कलम ४ सांगते, की कार्यालयाने माहिती आपणहून जाहीर करावी, आणि ती देताना स्थानिक भाषा, खर्च आणि पोचण्याचा परिणामकारक मार्ग यांचा विचार करावा.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, येत्या ग्रामसभेत रस्ते-गटारांबरोबर हाही विषय काढा. वेबसाइटवर खर्च किती झाला आणि शेवटची माहिती कोणत्या तारखेला भरली, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तरावरून पाणी कुठवर पोचते ते कळेल.