चवथीचा झाकलेला चंद्र

६ सप्टेंबर २०१९, गौरी जेवल्या ती रात्र. कऱ्हाडमधल्या आमच्या गल्लीच्या मांडवात मध्यरात्र उलटली तरी पन्नासेक माणसं बसून होती. मूर्तीसमोर आम्ही केलेला चांद्रयान-२चा हलता देखावा आणि शेजारी खुर्चीवर कोणीतरी घरून उचलून आणलेला टीव्ही. दोन वाजायच्या सुमारास पडद्यावरचा हिरवा ठिपका ठरलेल्या रेघेवरून बाजूला सरकला आणि थांबला. थोड्या वेळाने इस्रोच्या अध्यक्षांनी सांगितलं, २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं, त्यानंतर संपर्क तुटला.

आमच्या देखाव्यातला विक्रम लँडर तेव्हाही दर चाळीस सेकंदांनी अलगद खाली उतरत होता. तो उतरायचा एका हातावर. बाप्पाचा हात, कोपरापर्यंतचा, तळवा वर केलेला. कागदाच्या लगद्यातून तो मीच घडवला होता, आठ रात्री जागून.

पुढे बसलेल्या सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, मग खऱ्या विक्रमला बाप्पाने का नाही धरलं?"

मला उत्तर सुचलं नाही. मी उठून मोटार बंद केली. विक्रम तारेवर अर्ध्यातच लटकून राहिला आणि खाली तो हात.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांना दरवर्षी सांगायचो की चित्रात हात काढलात, तर तो काय करतोय हे तुम्हाला ठाऊक पाहिजे. त्या रात्री मला माझ्याच हाताचा अर्थ कळला. आशीर्वादाचा हात वेगळा असतो. मी काढलेला हात काम करत होता आणि ते काम अभियंत्यांचं होतं. यान उतरलं असतं तर श्रेय त्या हाताला मिळालं असतं. यान पडलं, तेव्हा दोषही त्याच्याकडेच जाणार. मुलाचा प्रश्न सरळ होता, चूक माझ्या देखाव्यात होती.

या चुकीबद्दल आज लिहितोय, कारण ती माझ्या एकट्याची नाही. चांद्रयान-३ उतरल्यानंतरच्या गणेशोत्सवात गावोगाव चंद्राचे देखावे झाले. अंतराळ, विज्ञान आणि श्रद्धा एका चौकटीत कशी बसवायची, या प्रश्नाशी जगभरचे कलावंत झगडत आहेत. आपल्याकडे तो प्रश्न गल्लीतला पेंटर, सुतार आणि इलेक्ट्रिशियन मिळून सोडवतात, तेही श्रावणातल्या पंधरा-वीस रात्रींत. त्यांनी केलेलं काम लाखो माणसं पाहतात. तरी त्याला आपण कला म्हणून वागवत नाही. देखावा हलतो का, वर्गणी किती जमली, रांग कुठपर्यंत गेली, एवढ्यावर बोलणं संपतं. तो काय म्हणतोय, खरं म्हणतोय का, हे कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे. श्रद्धा आणि विज्ञान यांना एकाच मांडवात बसवायला कलेइतकी चांगली जागा दुसरी नाही, पण एका अटीवर. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचा साक्षीदार करायचं नाही.

जुलै २०२३मध्ये चांद्रयान-३च्या उड्डाणाआधी इस्रोचे शास्त्रज्ञ यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले. त्यावर बरीच वादावादी झाली. मला त्यात गैर वाटलं नाही. परीक्षेला निघालेलं पोर देवासमोर पेन ठेवतं आणि उत्तरपत्रिका स्वतःच लिहितं. त्या प्रतिकृतीने यानाच्या गणितात एक आकडाही बदलला नाही. आधीच्या अपयशाचा एकेक धागा तपासून, पाय मजबूत करून, इंधन वाढवून, उतरण्याची जागा मोठी करून ते यान पाठवलं होतं. माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी शेजारी राहू शकतात. चित्रात त्या शेजारी ठेवायच्या तर मात्र कसब लागतं, कारण चित्रात शेजारी ठेवलेल्या वस्तू लगेच एकमेकींशी नातं जोडतात.

हे कसब असलेली एक जागा पुण्यात आहे. 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. तिच्या मधोमध एक कुंड आहे. पायऱ्या उतरून जायचा चौक, देवळापुढच्या पुष्करणीची आठवण करून देणारा. मात्र तिथे मूर्ती नाही. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. भिंतींना खाली आपला काळा बेसाल्ट, त्यावर आणखी काळा कडप्पा आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश दिसतं. मी मुलांची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा पायऱ्यांशी आल्यावर दोघा-तिघांनी आपसूक चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. कोरियांनी कुंडाचं गांभीर्य घेतलं आणि ते खगोलशास्त्राला दिलं. कोणताही पुराणातला दाखला विज्ञानाचा पुरावा म्हणून भिंतीवर लावला नाही.

दुसरं उदाहरण दूरचं आहे. बहामाजचा कलावंत तावारेस स्ट्रॅकन याने 'एनॉक' नावाचं शिल्प केलं. २४ कॅरेट सोन्याचा एक कुंभ, प्राचीन इजिप्तमध्ये मृताचे अवयव ठेवत तशा घडणीचा, वर रॉबर्ट लॉरेन्स यांचा चेहरा. लॉरेन्स १९६७च्या जूनमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अंतराळ कार्यक्रमासाठी निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी ८ डिसेंबरला विमान अपघातात ते गेले, अंतराळात जायचं राहून गेलं. स्ट्रॅकनने तो कुंभ जपानमधल्या शिंतो मंदिरात नेऊन विधिपूर्वक आशीर्वाद घेतला आणि ३ डिसेंबर २०१८ रोजी तो फाल्कन ९ अग्निबाणातून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेला. एनॉक हे नाव बायबलमधलं, जिवंतपणी स्वर्गात नेल्या गेलेल्या माणसाचं. इजिप्त, जपान आणि बायबल, तीन परंपरा एका घटात. अग्निबाण उडाला तो इंधनावर आणि गणितावर. पुजाऱ्याचा विधी होता तो राहून गेलेल्या माणसासाठी. प्रत्येकाने आपापलं काम केलं.

आता पुन्हा आमच्या गल्लीत येतो. २०२३ साली २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला आणि रात्री दहाच्या आत कार्यकर्ते माझ्या दारात. देखावा ठरलेलाच होता. "सर, यंदा तो हात पाहिजेच," एकजण म्हणाला. "त्या वेळी चुकला, आता धरला ना!" मी त्याला शांतपणे सांगितलं की असं म्हणणं म्हणजे बाप्पाचाही अपमान आणि चार वर्षं राबलेल्या माणसांचाही. देव एका वर्षी चुकतो आणि एका वर्षी धरतो, असा देव आपण पूजतो का? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग २०१९ला प्रश्न विचारणारा तो मुलगा, आता अकरावीत गेलेला, म्हणाला, "बाप्पा नेहमीच्या जागी बसू दे. चंद्र त्याच्यासमोर ठेवू. तो पण बघेल." तेच ठरलं.

थर्माकोलवर बंदी होती आणि मला त्याची उणीवही वाटली नाही. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट ताणलं, त्यावर शाडूचे हात दिले आणि वर गुऱ्हाळाच्या चुलवणातली, मागच्या हंगामात राखून ठेवलेली राख चाळून पसरली. चंद्राच्या मातीला इतका जवळचा रंग मला कोणत्याही डब्यात मिळाला नसता. प्रज्ञान रोव्हरच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं बोधचिन्ह कोरलेलं होतं. भेंडीचे ठसे उमटवणाऱ्या माझ्या पाचवीच्या मुलांना ते एका क्षणात समजलं असतं. आम्हीही छोट्या रोव्हरच्या चाकांवर रबराचे ठसे बसवले. एका पाटीवर विक्रमच्या उपकरणाने घेतलेली मोजमापं लिहिली. वरच्या थरात तापमान पन्नास अंशांच्या आसपास आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली शून्याखाली दहा. त्या पाटीपुढे लोक थांबून बोटांनी आठ सेंटिमीटर मोजायचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी समोरच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या. "मास्तर, चवथीचा चंद्र दावताय व्हय समद्यांस्नी? आळ येतोय."

गणपतीला हसलेल्या चंद्राची आणि स्यमंतक मण्याच्या आळाची गोष्ट मला लहानपणापासून पाठ. माझी आई चतुर्थीच्या संध्याकाळी पश्चिमेची खिडकी लावून घ्यायची. काही तरुण कार्यकर्ते म्हणाले, सर, ही अंधश्रद्धा आहे, चालूच ठेवू. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी चंद्रावर काळं कापड टाकलं. १९ सप्टेंबरला चतुर्थी होती. विक्रम उतरला ती जागा त्या दिवशी खरोखरच अंधारात होती, तिथे चांद्ररात्र चालू होती. पाटीवर एवढंच लिहिलं: "आज तिथे रात्र आहे. उद्या कापड काढू." आजींची रीत पाळली गेली आणि आकाशाबद्दल एक अक्षरही खोटं लिहावं लागलं नाही. ऋषिपंचमीला कापड काढलं, तेव्हा पहिल्या रांगेत आजी होत्या.

मग २२ तारीख आली, पुन्हा गौरी जेवणाचा दिवस. सूर्य वर आल्यावर विक्रम आणि प्रज्ञानला जागं करण्याचा प्रयत्न इस्रोने केला. संकेत आला नाही. ही यंत्रं एकाच चांद्रदिवसासाठी, म्हणजे आपल्या चौदा दिवसांसाठी बनवली होती आणि त्यांचं काम झालेलं होतं. तरीही आमच्या मांडवातला रोव्हर राखेवरून गोल गोल फिरत राहिलेला मला बघवेना. मी काही बोलायच्या आधीच त्या अकरावीतल्या मुलाने मोटारीची वायर काढली. काहींनी विरोध केला. लोक हलता देखावा बघायला येतात, रांग तुटेल, म्हणाले. आम्ही रोव्हर होता तिथेच उभा ठेवला, दिवे मंद केले आणि लिहिलं: "प्रज्ञानकडून अजून उत्तर नाही."

रांग तुटली नाही. उलट लोक जास्त वेळ थांबू लागले, आवाज खाली आणून बोलू लागले. आजींनी मला विचारलं, "किती थंडी आसंल वो तितं रातीला?" उणे दोनशेच्या जवळपास, मी म्हणालो. त्यांनी पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

चंद्रावर हॅडली रिल नावाच्या दरीपाशी साडेआठ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची एक बाहुली पडून आहे. बेल्जियन शिल्पकार पॉल व्हान होयडाँक याने केलेली, १९७१च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५च्या अंतराळवीरांनी ठेवलेली. शेजारच्या पट्टीवर अंतराळाच्या वाटेवर गेलेल्या चौदा जणांची नावं आहेत, अमेरिकी आणि सोव्हिएत एकत्र. शीतयुद्ध चालू असताना चंद्रावर ठेवलेलं हे शिल्प विजयाचं नाही, गमावलेल्यांचं आहे. आपल्या देखाव्यांत मला याची कमतरता जाणवते. आपण फक्त उतरलेलं यान दाखवतो. पडलेलं, गप्प झालेलं यान दाखवत नाही. जिथे माणसाचं चालत नाही तिथेच श्रद्धेला खरी जागा असते, आणि नेमकी तीच जागा आपण मोटार लावून फिरवत ठेवतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. देखाव्यांच्या स्पर्धांत बक्षीस देताना आशय आणि माहितीचा खरेपणा यांना गुण असावेत आणि परीक्षकांत एक विज्ञान शिक्षक असावा. वर्तमानपत्रांनी नाटक-चित्रपटांसारखं देखाव्यांचंही परीक्षण छापावं, करणाऱ्या पेंटर-सुतारांच्या नावानिशी. आणि प्रत्येक मंडळाने विसर्जनाआधी देखाव्याचे फोटो आणि आराखडे जपून ठेवावेत. दरवर्षी एवढी कला आपण अनंत चतुर्दशीनंतर भंगारात घालतो आणि पुढच्या पिढीला शिकायला काही उरत नाही.

गगनयान जाईल तेव्हा महाराष्ट्रातल्या मांडवामांडवांत त्याचे देखावे होतील. त्या वेळी यानात आपली माणसं असतील, त्यांच्या घरी वाट बघणारे असतील, आणि त्यांच्यासाठी आपण सगळे हात जोडू. मीही जोडीन. ते हात आपले असोत, देखाव्यात दिसोत, जोडलेले दिसोत. यानाखाली मात्र कोणाचाही तळवा नको. मांडवात पुढच्या रांगेत बसलेल्या मुलाने काहीही विचारलं, तरी त्याच्या नजरेला नजर देऊन उत्तर देता आलं पाहिजे.