बोली कोटींची, मंडळाच्या हाती नारळ : प्रो कबड्डीच्या लिलावात आपला वाटा कुठाय?

पोस्ट लांब आहे, पण कबड्डीवर प्रेम असेल तर शेवटपर्यंत वाचा.

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की आपल्याकडे व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे बॅनर सुरू होतात. आपल्या जिल्ह्यातला कोणी असेल तर बघायलाच नको. चिपळूणचा शुभम शिंदे टीव्हीवर पकडी करताना दिसला तेव्हा आपली सगळ्यांची छाती फुगली, आणि फुगायलाच हवी. पण बॅनर उतरल्यावर एक प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या मंडळाने पोराला वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून मैदानावर उतरवलं, त्या मंडळाला या सगळ्यातून काय मिळालं?

उत्तर सोपं आहे. शाल, नारळ आणि एक ग्रुप फोटो.

आता लिलावाचे आकडे बघा. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबईत 11व्या हंगामाचा लिलाव झाला. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला 5 कोटी. संघ 12. म्हणजे 60 कोटींपर्यंतचा व्यवहार. सचिन तंवर 2.15 कोटींना तमिळ थलैवाजकडे गेला. पवन सेहरावतवर 1.725 कोटींची बोली लागली आणि तेलुगु टायटन्सने ‘फायनल बिड मॅच’ कार्ड वापरून त्याला आपल्याकडेच ठेवलं.

हे कार्ड नीट समजून घ्या, कारण खरा मुद्दा इथेच आहे. खेळाडू लिलावात गेला, दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली, तरी जुन्या संघाला हक्क असतो: तेवढेच पैसे मोजा आणि खेळाडू परत घ्या. म्हणजे ‘आम्ही याला घडवलं’ हा दावा लीगने मान्य केलाय. फक्त तो दावा फ्रँचायझीचा मान्य केलाय. मंडळाचा नाही.

आणि फ्रँचायझीने कार्ड नाही वापरलं तर? मग तिलाही काही मिळत नाही. आठवतोय ना चंदगडचा सिद्धार्थ देसाई? 2018 ला यू मुंबाने त्याला 36.4 लाखांना घेतलं. पोराने पहिल्याच हंगामात धुरळा उडवला. 2019 च्या लिलावात तेलुगु टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले. हे पैसे सिद्धार्थने अंगमेहनतीने कमावले, त्याबद्दल कोणाची तक्रार असूच नये. पण पहिली संधी देणाऱ्या संघाला त्यातला रुपया नाही, आणि त्याच्याही आधी ज्यांनी त्याला चढाई शिकवली त्यांचं तर नाव कुठल्या कागदावरसुद्धा नाही.

आयपीएलमध्येही हेच. नोव्हेंबर 2024 ला जेद्दाहच्या लिलावात ऋषभ पंतवर लखनौची बोली 20.75 कोटींवर थांबली. दिल्लीने ‘राइट टू मॅच’ वापरायची तयारी दाखवली, तेव्हा नियमाप्रमाणे लखनौला आकडा वाढवायची संधी मिळाली. लखनौने थेट 27 कोटी सांगितले. दिल्ली मागे हटली. नऊ वर्षं सांभाळलेला खेळाडू गेला, बदल्यात शून्य.

आता जरा लांबचं उदाहरण देतो. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीची एनएचएल नावाची लीग आहे. तिथे तरुण खेळाडूचा करार संपला तरी काही वर्षं जुन्या संघाचा त्याच्यावर अर्धा हक्क राहतो. दुसरा संघ त्याला लेखी ऑफर देऊ शकतो. खेळाडूने सही केली की जुन्या संघाकडे सात दिवस. एकतर तेवढाच पगार देऊन खेळाडू ठेवा, नाहीतर सोडा आणि भरपाई घ्या. भरपाई पैशात नसते. नव्या मुलांच्या निवडीत नव्या संघाचा जो नंबर असतो, तो जुन्या संघाला मिळतो. पगार जितका मोठा, तितकी भरपाई मोठी. अगदी वरच्या पायरीला चार वर्षांच्या पहिल्या फेरीच्या चार निवडी द्याव्या लागतात.

ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या दोन पोरांना, ब्रोबर्ग आणि हॉलोवे यांना, अशाच ऑफर दिल्या. आकडे बघा: 45,80,917 डॉलर आणि 22,90,457 डॉलर वर्षाला. हे असले विचित्र आकडे का? कारण भरपाईच्या पायऱ्या बरोब्बर तिथे संपत होत्या. एक डॉलर जास्त दिला असता तर भरपाई वाढली असती! एडमंटनने दोघांनाही सोडलं आणि बदल्यात एक दुसऱ्या फेरीची, एक तिसऱ्या फेरीची निवड घेतली. म्हणजे तिथेही हिशेबी लोक पळवाट काढतातच. पण ज्याचा खेळाडू गेला त्याच्या हातात काहीतरी पडतं, हे तत्त्व नियमात लिहिलेलं आहे.

मला ती पद्धत जशीच्या तशी इथे नकोय. तिच्यात एक खोट आहे. भरपाईच्या भीतीने दुसरे संघ ऑफरच देत नाहीत आणि पोराचा भाव दाबला जातो. शिवाय हा सगळा व्यवहार श्रीमंत संघांचा आपसातला. आपल्याला जवळचं आहे ते फुटबॉलचं उदाहरण.

फिफाचा नियम आहे. खेळाडू पैसे घेऊन एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला की त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. या 5 टक्क्यांतले 12 ते 15 वयाच्या प्रत्येक वर्षाला 5 टक्के, 16 ते 23 च्या प्रत्येक वर्षाला 10 टक्के. गल्लीतला क्लब असला तरी नोंद असेल तर पैसे मिळतात.

हाच हिशोब कबड्डीला लावा. समजा एखाद्या पोरावर 1.45 कोटींची बोली लागली. 5 टक्के म्हणजे 7 लाख 25 हजार. तो वयाच्या 12 पासून 19 पर्यंत एकाच मंडळाकडे खेळला असेल, तर मंडळाचा वाटा होतो 4 लाख 35 हजार. फ्रँचायझीच्या दृष्टीने ही रक्कम किती? आणि लांजा, संगमेश्वर, गुहागरच्या एखाद्या मंडळाच्या दृष्टीने किती? आपल्याकडे चार महिने पाऊस. मातीचं मैदान जून ते सप्टेंबर चिखल. पोरं मातीवर शिकतात आणि निवड चाचणी मॅटवर. तिथे पाय वळतो, गुडघा जातो. एका मॅटसाठी मंडळं वर्षानुवर्षं आमदार-खासदारांच्या दारात अर्ज घेऊन उभी असतात. हा वाटा मिळाला तर अर्ज करायला लागणार नाही.

सगळ्या लीगचा हिशोब केला तरी 60 कोटींचे 5 टक्के म्हणजे फक्त 3 कोटी. अख्ख्या देशातल्या मंडळांसाठी. एवढं जड आहे का हे?

आता आक्षेप येतील. आधीच उत्तर देतो.

एक, ‘पोरांचे पैसे कापणार का?’ अजिबात नाही. बोलीचे पूर्ण पैसे पोराचेच. हे 5 टक्के फ्रँचायझीने वर द्यायचे, आणि 5 कोटींच्या मर्यादेबाहेर, म्हणजे बोली कमी लावायला निमित्त नको.

दोन, ‘मंडळं पोरांना अडवून ठेवतील.’ हा आक्षेप खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. मंडळ बदलायचं म्हटलं की पोराची काय फरफट होते, हे आपल्यात कोणाला माहीत नाही? म्हणून स्पष्ट लिहा: मोबदला हवा, मालकी नको. मंडळाला सही नाकारायचा अधिकार शून्य. पोरगा कधीही, कुठेही जाईल. घडवलेल्या वर्षांचा वाटा मात्र मंडळाच्या नावावर राहील.

तीन, ‘पैसे पुढारी खातील.’ खाऊ शकतात. म्हणून रोख नाही, अध्यक्षाच्या खिशात नाही. नोंदणीकृत मंडळाच्या बँक खात्यात, आणि खर्च मॅट, प्रशिक्षक, औषधोपचार यावरच. हिशोब मंडळाच्या फलकावर लावायचा.

चार, ‘कोण कुठे खेळला याची नोंद कुठाय?’ खेळाडूंची नोंदणी संघटनाच करते ना? मग ती वयाप्रमाणे, वर्षाप्रमाणे नीट ठेवा. उलट या निमित्ताने खोटे वयाचे दाखलेसुद्धा कमी होतील, कारण कागदाला किंमत येईल.

आणखी एक. ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून जी पोरं लिलावाशिवाय थेट उचलली जातात, त्यांच्यावर बोलीच लागत नाही. अस्लम इनामदार याच वाटेने पुणेरी पलटणमध्ये आला आणि पुढे कर्णधार म्हणून 2024 ला संघाला विजेतेपद मिळवून दिलं. अशा पोरांसाठी मंडळाला ठरावीक रक्कम हवी, नाहीतर सगळे त्याच दाराने आत घेतील.

मागणी कोणाकडे करायची? लीग चालवते मशाल स्पोर्ट्स, खेळाची मान्यता अमॅच्युअर कबड्डी फेडरेशनकडे. पण सुरुवात घरातून होते. रत्नागिरी जिल्हा असोसिएशनने ठराव करावा, राज्य असोसिएशनने तो दिल्लीला न्यावा. दर 15 जुलैला बुवा साळवींच्या नावाने आपण कबड्डी दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणं ऐकतो. येत्या 15 जुलैला भाषणाऐवजी हा ठराव वाचा.

मंडळाचे पदाधिकारी असाल तर एक काम आजच करा. तुमच्याकडे कुठला पोरगा कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत खेळला, ते वहीत लिहून काढा. उद्या नियम झालाच, तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल. वही नसेल तर पुन्हा शाल आणि नारळच.

पटलं तर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली मुद्द्याने भांडा, उत्तर देईन.