जपानची धाकटी गाडी आणि जामसरची वाट

पालघर जिल्ह्याला जपानची ओळख झाली ती जमीन-मोजणीच्या खुणांवरून. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला झाली. ५०८ किलोमीटरचा मार्ग, १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा मूळ अंदाज आणि त्यातील सुमारे ८१ टक्के रक्कम जपानी कर्जाची. या मार्गासाठी जिल्ह्यातील आदिवासींच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोर्चे निघाले. जिल्ह्याच्या वाट्याला आली विरार आणि बोईसर ही दोन स्थानके. जव्हार तालुक्यातील जामसरच्या माणसाला या गाडीचा उपयोग काय, हा प्रश्न समारंभाच्या मांडवात विचारण्याजोगा नव्हता.

परंतु जपानची ओळख एवढीच नाही. त्या देशात आणखी एक रेल्वे आहे. ती धाकटी आहे, संथ आहे आणि बहुधा तोट्यातही आहे. एकदोन डब्यांची विजेची गाडी गावोगावी थांबत जाते. शाळेतली मुले, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या आणि बाजाराला जाणारी माणसे तिच्यात बसतात. त्या रेल्वेचा करार करायला मात्र कोणी टोकियोला गेले नाही.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर फुकुई नावाचा प्रांत आहे. तेथील केइफुकू या खासगी कंपनीच्या विजेच्या गाड्यांचे डिसेंबर २००० आणि जून २००१ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांत, दोनदा समोरासमोर अपघात झाले. सरकारने वाहतूक थांबवली. सुरक्षिततेवर खर्च करून तोट्यातला मार्ग पुन्हा चालवणे कंपनीला परवडणारे नव्हते. गाड्यांच्या जागी बसगाड्या आल्या. मग जे घडले त्याला तेथील अभ्यासकांनी ‘उलटा सामाजिक प्रयोग’ म्हटले. रस्ते तुंबले. हिवाळ्यात बर्फ पडले की बस तासन्‌तास उशिरा येऊ लागल्या. मुलांना शाळा वेळेवर गाठता येईना आणि ज्यांना मोटार चालवता येत नाही अशा वृद्धांनी घराबाहेर पडणे कमी केले. रेल्वे असताना जी गोष्ट कोणाच्याही हिशेबवहीत लिहिलेली नव्हती, ती रेल्वे गेल्यावर सर्वांना दिसली.

लोकांनी गाडी परत मागितली. २००२ साली नगरपालिका आणि स्थानिक भागधारक यांची एचिझेन रेल्वे ही कंपनी उभी राहिली आणि २००३ मध्ये गाड्या टप्प्याटप्प्याने पुन्हा धावू लागल्या. दोन मार्ग मिळून लांबी अवघी ५३ किलोमीटर. रूळ आणि यंत्रसामग्रीचा भार प्रांताने उचलला. चालवण्यातला तोटा मार्गावरील नगरपालिकांनी वाटून घेतला. वृद्धांना चढण्या-उतरण्यास हात देणाऱ्या सेविका गाडीत नेमल्या गेल्या आणि प्रवासी हळूहळू वाढले. समाजवादाचे नावही न घेता त्या लोकांनी एक समाजवादी सत्य मान्य केले: रस्त्याला कोणी नफा विचारत नाही, मग रुळांनाच तो का विचारावा?

असा उलटा प्रयोग महाराष्ट्रातही होऊन गेला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांचे गाऱ्हाणे खरे होते आणि सरकारने ते चिघळू दिले. त्या महिन्यांत शहरांतील मध्यमवर्गाची फारशी अडचण झाली नाही. अडचण झाली ती जेथे एस.टी. हेच एकमेव सार्वजनिक वाहन आहे तेथे. ज्याच्या खिशात जीपचे भाडे नव्हते त्याचे कॉलेज, बाजार आणि दवाखाना तिघेही एकदम दूर गेले. फुकुईने आपल्या प्रयोगातून धडा घेतला. महाराष्ट्राने संप मिटताच विषयही मिटवला.

जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत हा विसर अधिकच बोचणारा आहे, कारण या भागाने देण्यात कधी हात आखडलेला नाही. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. डोंगराच्या पायथ्याने आगगाडी गेली तीही १८६० च्या दशकात. तिच्यावर विजेची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत यायला २०१३ साल उजाडावे लागले. डोंगरावर तर ती आलीच नाही. पाणी उतरते, वीज पुढे जाते, माणसे तेवढी अडून राहतात. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली राज्य हादरले, तेव्हा भुकेइतकेच अंतरानेही माणूस मरतो हे कळायला हवे होते. आजही जव्हारच्या रुग्णालयातून पुढे पाठवलेल्या रुग्णाला घाटातून नाशिक गाठावे लागते.

डहाणूहून जव्हार-मोखाड्यावरून नाशिकला जाणाऱ्या रेल्वेची मागणी जुनी आहे. सर्वेक्षण हा शब्द या भागाने अनेकदा ऐकला आहे. दर वेळी आक्षेप तेच: डोंगर आहे, बोगदे लागतील, उतारू मिळणार नाहीत. डोंगराचे म्हणाल, तर नेरळहून माथेरानला गाडी १९०७ साली चढली, तीही हवा खायला जाणाऱ्यांसाठी. श्रीमंताच्या विश्रांतीसाठी डोंगर चढता येतो, गरिबाच्या कामासाठी तो चढवत नाही, असा हा भूगोल आहे. पैशांचे म्हणाल, तर कोकण रेल्वे डोळ्यांसमोर आहे. तिचाही डोंगर अवघडच होता. मधू दंडवते यांच्यासारख्या नेत्यांनी ती मागणी दशकानुदशके लावून धरली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली महामंडळ झाले. केंद्राचे ५१ टक्के आणि उरलेले महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ यांचे, असे भांडवल उभे राहिले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. इच्छा असली की पैशाची रीत सापडते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. रेल्वे आली की गावची माणसे शहरात ओढली जातील, असे काही भले लोक म्हणतात. माणसे आताही जातातच. नागली-वरईचे पीक हाती आले आणि दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे ट्रकमध्ये बसून भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे निघतात. मुलांची शाळा तेथेच सुटते. म्हणून माणूस बाहेर जातो की नाही एवढेच पाहून भागत नाही; तो संध्याकाळी घरी परत येऊ शकतो की नाही, हेही पाहावे लागते. रोज परतणाऱ्या मजुराचे मूल गावच्या शाळेत टिकते आणि त्याचे मत गावच्या ग्रामसभेत राहते. मुकादमाची उचल घेऊन सहा महिने परागंदा होणाऱ्याचे यातले काहीच उरत नाही.

अर्थात कोणतीही रेल्वे आली म्हणजे न्याय आला, असे नाही. डोंगर फोडून दगड आणि माल नेण्यासाठी, किंवा बंदर आणि कारखानदारीची सोय म्हणून येणारी रेल्वे आदिवासीची जमीन घेईल आणि त्याच्या गावावरून न थांबता निघून जाईल. तेव्हा मागणीतच अटी हव्यात. जमीन ग्रामसभेच्या संमतीनेच घेतली जावी. गाडी विजेची, दोन डब्यांची का असेना, पण गावोगावी थांबणारी असावी. भाडे मजुराला परवडावे. नोकऱ्यांत स्थानिक तरुणांना पहिला हक्क असावा. रेल्वेपर्यंत पोचवणारी एस.टी. याच योजनेचा भाग असावी, कारण जामसरच्या माणसाला पाड्यापासून थांब्यापर्यंत आणणारी बस नसेल तर तो थांबा नकाशापुरताच राहील. रूळ पडेपर्यंतची वर्षे एस.टी.च्या फेऱ्या तोट्याच्या नावाखाली कापल्या जाणार नाहीत, ही अट तर आजपासूनची आहे.

कार्यकर्त्यांनी ही मागणी निवेदनाच्या कागदावर सोडून देऊ नये. पाड्यापाड्यांवर जाऊन हिशेब मांडावा: दवाखान्याला किती तास लागतात, कॉलेजला जाण्यात किती रुपये मोडतात, किती मुली एका बसअभावी घरी बसतात. हा तोटा आज कोणत्याही महामंडळाच्या ताळेबंदात नाही, कारण तो गरिबाने परस्पर भरला आहे. फुकुईच्या लोकांना तो दिसण्यासाठी गाडी बंद पडावी लागली. जामसरला ती कधी आलीच नाही, म्हणून तेथे तो मोजून दाखवावा लागेल. जपानकडून कर्ज घेताना जी गोष्ट घ्यायची राहिली, ती घेण्यासाठी व्याजही पडत नाही.